जुन्या ट्रकात नवं इंजिन: उष्णता बाहेर कुठून जाणार?

1954 चा शेवरोले 3100 हा पिकअप ट्रक माझ्याकडे आला तेव्हा त्याचं मूळ इंजिन गेलेलं होतं. आधीच्या मालकाने त्यात जनरल मोटर्सचंच 5.3 लिटरचं व्ही-8 बसवलं होतं, 1999 पासून त्यांच्या पिकअपमध्ये येऊ लागलेलं, एलएस नावाच्या इंजिन घराण्यातलं. काम मनापासून केलेलं दिसत होतं. माउंट भक्कम, वेल्डिंग स्वच्छ, इंजिन पहिल्या चावीला सुरू. फक्त गाडी तापायची. मोकळ्या रस्त्यावर काटा जागेवर असायचा, पण गर्दीत अडकलं की काही मिनिटांत चढायला लागायचा, आणि चढला की थांबायचं नाव नाही.

अशा गाडीबद्दल कुणालाही विचारा, पहिला सल्ला ठरलेला: रेडिएटर मोठा टाका. मला हा सल्ला पटत नाही, निदान पहिला म्हणून तर नाहीच. त्यामागचा हिशेब असा असतो की मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन 235 घनइंच, म्हणजे 3.9 लिटरचं आणि 110 च्या आसपास अश्वशक्तीचं. नव्याची शक्ती 270 च्या पुढे. म्हणजे उष्णताही अडीचपट. पण 270 ही कमाल शक्ती आहे, पाय पूर्ण दाबल्यावरची. सपाट रस्त्यावर 80 च्या वेगाने जाताना हवेला आणि टायरला जेवढी शक्ती द्यावी लागते तेवढीच लागते, बॉनेटखाली कुठलंही इंजिन असो. ढोबळमानाने पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या वाटेने जाते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून आणि बाकीची बरीचशी इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात. तेव्हा संथ चालवताना नवं इंजिन जुन्यापेक्षा फार जास्त उष्णता पाण्यात सोडत नाही. चढावर, ओझं ओढताना, जोरात पिटाळताना सोडतं, आणि तिथे रेडिएटरचा आकार मोजला जातो. माझा ट्रक तापत होता उभा असताना, जेव्हा इंजिन जवळजवळ काहीच काम करत नव्हतं. उष्णता जास्त होती असं नाही. तिची बाहेर जायची वाट बंद होती.

इंजिन बदलताना नेमकं हेच होतं. मूळ गाडीत त्या इंजिनाभोवती एक अख्खी व्यवस्था असते: पंखा, पंख्याभोवतीचं श्राउड (जाळी झाकणारं खोकं), रेडिएटरच्या कडेच्या रबरी पट्ट्या, पाणी फुगायला वेगळी टाकी, बंपरखालची हवा अडवणारी पट्टी. इंजिन उचललं की हे सगळं मागे राहतं, कारण ते कुणी इंजिनाचा भाग धरत नाही. मग नव्या घरी इंजिन पोचतं, पण हवेचा आणि पाण्याचा रस्ता जुन्याच घराचा असतो. म्हणून माझी पद्धत साधी आहे: आधी गाडी कधी तापते ते पाहायचं, मग हवेचा रस्ता, मग पाण्याचा.

उभी असताना किंवा रांगत चालताना तापते आणि वेग घेतला की निवते, तर दोष हवेत. 50 किलोमीटरच्या पुढे रेडिएटरमधून जाणारी हवा मुख्यतः गाडीच्या वेगानेच येते, पंख्याला फारसं काम उरत नाही. उलट उभी असताना ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर लहान आहे, आतून चोंदलाय, पाणी फिरत नाहीये किंवा इंजिनाचं जळण बिघडलंय. ज्या गाड्या दोन्हीकडे तापतात त्यांची चौकशी हेड गॅस्केटपासून करावी, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधल्या सीलपासून. रेडिएटरच्या तोंडाशी धरायचं निळं रसायन मिळतं. पाण्यात जळलेला वायू मिसळत असेल तर ते पिवळं पडतं. ही तपासणी स्वस्तात होते, आणि ती झाल्याशिवाय रेडिएटरवर खर्च करू नये.

पण त्याहीआधी काटा खरं बोलतोय का ते बघा. 3100 च्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा मूळ काटा विजेवर चालत नाही. एका बारीक नळीत ईथर भरलेलं असतं, टोकाला धातूचा बल्ब, आणि आतला दाब वाढला की काटा सरकतो. ती नळी कधी कापू नये, जास्त मुडपूही नये. मला हा काटा अतिशय प्रिय आहे आणि तो काढायचा प्रश्नच नव्हता. पण त्याचा जाड बल्ब नव्या हेडच्या भोकात मावत नाही, म्हणून आधीच्या मालकाने तो इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये, एक जोड घालून बसवला होता. तिथे तो वाहत्या पाण्याचं तापमान बरोबर दाखवतो. पण थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप, उघडायच्या आधी त्या होजमधलं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, त्यामुळे काटा मागे राहतो. आणि पाण्याची पातळी खाली गेली की बल्ब वाफेत लटकतो आणि काटा कमी दाखवतो, म्हणजे नेमका नको तेव्हा दिलासा देतो. इंजिनाच्या संगणकाचा सेन्सर मात्र थेट हेडमध्ये असतो. त्याचा आकडा निदानाच्या सॉकेटला छोटं यंत्र लावून फोनवर वाचता येतो. माझा भाऊ शेजारी बसून तो आकडा मोठ्याने वाचायचा आणि मी काट्याकडे बघायची. अशा दोन-चार फेऱ्यांत जुन्या काट्याची कुठली रेघ म्हणजे किती अंश हे पक्कं झालं.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तोही वापरा, फक्त चकचकीत अॅल्युमिनियमवर रोखू नका. चमकदार धातू स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो, त्यामुळे आकडा बराच कमी येतो. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्यावर मोजावं.

आता हवा. माझ्या ट्रकात 16 इंचाचा एकच विजेचा पंखा होता, रेडिएटरच्या जाळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी थेट बांधलेला. श्राउड नव्हतं. हे दृश्य अशा बऱ्याच ट्रकांत दिसतं. गणित करा: 16 इंच व्यासाचं वर्तुळ म्हणजे साधारण 200 चौरस इंच. जाळी 400 चौरस इंचांच्या पुढे. गाडी उभी असताना हवा पंख्यासमोरच्या वर्तुळातूनच ओढली जाते. चारही कोपरे नुसते गरम होऊन बसतात. म्हणजे अर्धा रेडिएटर असून नसल्यासारखा. मोठा रेडिएटर टाकला असता तर हे कोपरेच मोठे झाले असते.

श्राउड म्हणजे अख्ख्या जाळीला झाकणारं उथळ खोकं, ज्याच्या मागच्या बाजूला पंखा बसतो. पंखा आणि जाळी यांच्यात निदान इंचभर मोकळी जागा हवी, म्हणजे कोपऱ्यातली हवासुद्धा वळून पंख्याकडे येते. मी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं करून घेतलं आणि त्यात दोन पंखे बसवले. श्राउडला एक तोटा असतो: वेगात असताना पंख्यांच्या भोकांतून जेवढी हवा जाईल तेवढीच जाते, बाकीची पत्र्याला अडते. त्यावर उपाय म्हणजे पत्र्याला खिडक्या कापून त्यांवर रबरी पडदे लावायचे. पंख्याच्या ओढीने ते मिटतात, वेगाच्या हवेने उघडतात. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांतही असे पडदे दिसतात.

इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंखा असेल तरी श्राउड हवंच. तिथे पाती साधारण अर्धी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर असावीत. पूर्ण आत असली तर हवा बाहेर फेकायला जागा राहत नाही, पूर्ण बाहेर असली तर ओढ बसत नाही.

विजेच्या पंख्याची वायरिंग हा वेगळाच विषय आहे आणि इथे लोक फार हात आखडतात. 1954 च्या या गाड्या 6 व्होल्टच्या होत्या. 12 व्होल्ट नंतर आलं. इंजिनाबरोबर अल्टरनेटर नवा आला असला तरी जुन्या गाडीतल्या तारा, फ्यूज आणि स्विच त्या भाराचे नसतात. मोठा पंखा चालू स्थितीत 30 अँपिअरच्या घरात घेतो, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. बारीक तारेतून तो दिला तर पंख्यापाशी पोचेपर्यंत दोन व्होल्ट गळतात. पंखा फिरताना दिसतो, आवाज करतो, आणि हवा मात्र कमी ओढतो. पंखा चालू असताना त्याच्या दोन टोकांमध्ये मल्टिमीटर धरा. इंजिन चालू असून आकडा 13 च्या बराच खाली असेल तर दोष तिथेच आहे. जाड तार, प्रत्येक पंख्याला वेगळा रिले (मोठा भार चालूबंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज, आणि अर्थिंग चॅसिसला किंवा थेट बॅटरीला. अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला अर्थिंग कधी जोडू नये. पाण्यातून वीज वाहू लागली की त्याच्या नळ्यांना आतून बारीक भोकं पडतात.

पंखा कधी सुरू व्हावा? थर्मोस्टॅट ज्या तापमानाला उघडतो त्याच्या वर. माझा साधारण 86 अंशांना उघडायला लागतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहाएक अंश घेतो. पहिला पंखा 95 ला सुरू, 90 ला बंद. दुसरा 100 ला. पंखा बंद व्हायचं तापमान थर्मोस्टॅटच्या खाली ठेवलं तर तो कधी बंदच होत नाही, कारण तेवढं खाली पाणी येऊच शकत नाही. आणि 95 अंश म्हणजे गाडी तापली असं नव्हे. जुन्या इंजिनांची सवय असलेल्यांना हा आकडा बघून धडकी भरते, पण एलएस याच तापमानात चालायला बनवलंय.

श्राउडनंतरही थोडी चढती राहिली, आणि त्याचं कारण शोधणं मला सगळ्यात आवडलं. एका काठीला टिश्यू पेपरची पट्टी लावली. गाडी उभी, पंखे चालू, आणि पट्टी ग्रिलच्या आजूबाजूने फिरवली. मधे ती आत ओढली जात होती, ते बरोबर. पण रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि खाली ती बाहेर, पुढच्या दिशेने उडत होती. म्हणजे इंजिनावरून तापून आलेली हवा फटींतून पुढे येत होती आणि पंखे तीच पुन्हा आत ओढत होते. 3100 चं नाक रुंद आणि पोकळ आहे. रेडिएटरच्या बाजूला हात जाईल एवढ्या जागा राहतात. मूळ इंजिनाला त्याने फरक पडत नसे. मी पत्र्याच्या पट्ट्या आणि बंद छिद्रांचा फोम लावून त्या सगळ्या बुजवल्या, वरची बॉनेटखालची फटसुद्धा. रेडिएटरच्या खाली एक छोटी आडवी पट्टी खालच्या दिशेला उतरवली. गर्दीतलं तापमान लगेच खाली आलं. या कामाला जवळजवळ खर्च नाही आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लांबण लावली.

बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलायची युक्तीही बरेच जण सांगतात. उभ्या गाडीत गरम हवा तिथून वर जाते, तेवढा उपयोग खरा. पण चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा बाहेर पडण्याऐवजी आत घुसू शकते आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेला अडवते. मी ते केलं नाही.

पाण्याचा रस्ता. एलएस बसवणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट बघावी: हेडच्या वरच्या टोकांना वाफेसाठी छोटी तोंडं असतात. हेडमध्ये ज्वलनकक्षाभोवती जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि वर जाऊन साठतात. त्या तोंडांना जोडणारी बारीक नळी असते आणि तिचं टोक रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा फुगवट्याच्या टाकीत जायला हवं. बदललेल्या इंजिनात ही नळी बूच मारून बंद केलेली हमखास सापडते, कारण जुन्या रेडिएटरला ती जोडायला जागाच नसते. बंद केली की वाफ हेडमध्ये अडकते, त्या जागी पाणी धातूला लागत नाही आणि काटा ठीक असताना हेड आतून भाजत राहतं. माझ्याकडे नळी होती, पण ती रेडिएटरच्या खालच्या बाजूला आणून सोडली होती. वाफ खाली कशी जाणार? रेडिएटरच्या वरच्या टाकीला एक छोटं तोंड डाखून घेतलं आणि नळी तिथे नेली.

पाणी भरताना गाडीचं नाक वर करून उभी करा, हीटरचा नळ पूर्ण उघडा आणि वाफेच्या नळीचं टोक सोडून ठेवा. त्यातून सलग पाणी येऊ लागलं की मगच जोडा. एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, राहिला तर बाकी सगळं बरोबर असूनही गाडी तापते.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला तर मुळीच ऐकू नका. या इंजिनात तो पंपाच्या आत शिरणाऱ्या बाजूला असतो, जुन्या इंजिनांसारखा बाहेर पडणाऱ्या बाजूला नाही. तो उघडतो तेव्हा त्याची मागची चकती आतला आडमार्ग बंद करते आणि सगळं पाणी रेडिएटरकडे पाठवते. थर्मोस्टॅटच काढला तर आडमार्ग कायम उघडा राहतो, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरतं. कमी तापमानाचा थर्मोस्टॅट टाकूनही उपयोग नाही. तो फक्त सुरुवात कुठून होणार ते ठरवतो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकू शकत नसेल तर 71 ला उघडलेल्या थर्मोस्टॅटची गाडीही त्याच ठिकाणी जाऊन पोचते, थोडी उशिरा.

याचंच भावंड असलेला एक समज म्हणजे पाणी फार वेगाने फिरलं तर त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळ मिळत नाही. ते बंद वर्तुळ आहे. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबतं तसं इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि मिनिटाला जास्त वेळा फिरतं. वेगाने फिरणाऱ्या पाण्यात अख्खा रेडिएटर वरपासून खालपर्यंत जास्त गरम राहतो आणि म्हणून हवेला जास्त उष्णता देतो. पाण्याचा वेग मुद्दाम कमी करायला वॉशर वगैरे घालू नका. वेगात तापणाऱ्या गाडीत मात्र खालची होज एकदा पिळून बघा. ती पंपाच्या ओढीच्या बाजूला असते आणि आत स्प्रिंग नसली, रबर मऊ पडलं, की इंजिन जोरात फिरताना चपटी होते. इंजिन बंद केल्यावर ती पुन्हा गोल होते, त्यामुळे तपासताना निर्दोष वाटते.

रेडिएटरच्या झाकणाला लोक किरकोळ समजतात. ते आत दाब धरून ठेवतं, आणि दाबाच्या प्रत्येक पीएसआयला (चौरस इंचाला एक पौंड) उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) हे मिश्रण उघड्यावर 106 अंशांच्या आसपास उकळतं आणि 15 पीएसआयच्या झाकणाखाली जवळजवळ 129 ला. जुन्या ट्रकांचे रेडिएटर इतक्या दाबासाठी बनलेले नव्हते. त्यांच्यावर 15 चं झाकण चढवलं तर वरच्या टाकीचे डाखलेले सांधे सुटू शकतात. म्हणून मूळ पितळी रेडिएटर ठेवायचा असेल तर तो आधी दाब देऊन तपासून घ्या. मी माझा नव्या जाळीसकट पुन्हा बांधून घेतला, कारण उंच, उभा पितळी रेडिएटर त्या ग्रिलमागे शोभतो.

मिश्रण निम्मं-निम्मं का, तर ग्लायकॉल गोठण्यापासून आणि गंजापासून वाचवतं. उष्णता वाहून न्यायला मात्र साधं पाणी त्याच्यापेक्षा चांगलं. जिथे गोठायची भीती नाही तिथे ग्लायकॉल कमी ठेवता येतं, पण गंजरोधक हवंच, कारण या इंजिनात लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमची हेड आणि पितळी रेडिएटर एकाच पाण्यात बसलेत. पाणी डिस्टिल्ड वापरा. दोन जातींची कूलंट एकत्र करू नका. काही मिश्रणं घट्ट होऊन नळ्या बुजवतात. गळती थांबवणाऱ्या पुड्या तर रेडिएटरजवळही आणू नका. आणि काढलेलं कूलंट जमिनीवर सोडू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

इतकं झाल्यावर गर्दीत तापमान 98 च्या वर जात नाही आणि पहिला पंखा चालूबंद होत राहतो. राहिलाय तो चढाचा प्रश्न, आणि तिथे आता माझा संशय इंजिनावर नाही, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर आहे. त्याचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या खालच्या टाकीतून जाते, आणि लांब चढावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसरत असतो तेव्हा ती सगळी उष्णता पाण्यातच येते. पुढच्या महिन्यात वेगळा तेलाचा कूलर बसवतेय, रेडिएटरच्या समोर नाही, तर चॅसिसच्या बाजूला, स्वतःच्या छोट्या पंख्यासकट. समोर लावला तर त्याची गरम हवा पुन्हा त्याच जाळीत जाईल, आणि ती जाळी मोकळी करायला बरीच मेहनत लागली आहे.